नववा डाव

केशवापूर, हुबळी
५ फेब्रुवारी २०२५

मा. श्यामला हुदलीकर, मुख्य पंच, यांस
सविनय नमस्कार.

रविवारी बक्षीस समारंभ संपल्यावर मी आपल्या टेबलापाशी आले होते. आपण म्हणालात, "तोंडी तक्रार मी ऐकत नाही, लेखी द्या." म्हणून लिहिते आहे. संघटनेच्या फॉर्मवर तक्रारीसाठी चार ओळी सोडल्या आहेत. माझं चार ओळींत मावत नाही. आपण फोनवर घरच्या कुणाशी मराठीत बोलत होतात ते कानावर पडलं, तेव्हा मराठीत लिहिलेलं चालेल असं धरते.

मी दीपाली सत्याप्पा मेत्री, वय तेहतीस. तारिहाळला व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणीला आहे. आपल्या स्पर्धेत सोळाशेच्या आतल्या गटात मी दुसरी आले. माझं रेटिंग १५७१. हा गट कशासाठी असतो ते मी आपल्याला सांगायला नको. पाऊण लाखाचं पहिलं बक्षीस मोठे खेळाडू नेतात, ते नेणारच. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांना आणि नव्याने शिकणाऱ्यांना आपापल्या ताकदीच्या लोकांत काही जिंकता यावं म्हणून हा गट. त्याचं पहिलं बक्षीस चाळीस हजार, दुसरं पंधरा. ते चाळीस हजार प्रभंजन यांनी नेले. शेवटच्या फेरीत त्यांनी मलाच हरवलं.

हरल्याचं दुःख नाही. पण समोर बसलेला माणूस सोळाशेच्या आतला नव्हता हे मला बाराव्या चालीलाच कळलं. घरी येऊन मी त्यांचे जुने निकाल पाहिले. सप्टेंबरात त्यांचं रेटिंग १७३५ होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर गदग, हावेरी आणि बेळगावच्या लहान स्पर्धांत ते नऊ डाव हरले, नऊही शाळकरी मुलांकडून. रेटिंग १५९४ वर आलं. सोळाशेला बरोबर सहा कमी. आणि आपल्या स्पर्धेत नऊ फेऱ्यांत एकही डाव हरले नाहीत.

आमच्याकडे एखादा व्हॉल्व्ह तपासणीत नऊ वेळा गळला आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर थेंबभर गळला नाही, तर आम्ही व्हॉल्व्हला शाबासकी देत नाही. तपासणी कुणी केली ते बघतो.

याची चौकशी व्हावी ही विनंती.

आपली,
दीपाली मेत्री


मळमड्डी, धारवाड
१० फेब्रुवारी २०२५

श्रीमती दीपाली मेत्री यांस
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही फोन नंबरही दिला आहे, पण तक्रार विचाराधीन असताना पंचाने खेळाडूशी खाजगीत बोलू नये असा माझा नियम आहे. जे असेल ते कागदावर.

नियम सांगते. गट ठरतो तो स्पर्धेच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला जाहीर झालेल्या रेटिंगवर. त्या दिवशी प्रभंजन १५९४ होते, म्हणजे गटात बसत होते. पूर्वी कोण किती होतं हे आमच्या माहितीपत्रकात विचारात घेतलेलं नाही. हरणं हा गुन्हा नाही.

रागावू नका, पण एक विचारते. दोन वर्षांपूर्वी तुमचं रेटिंग १६३२ होतं. आज १५७१. उद्या एखादा म्हणाला की ही बाई बक्षिसासाठी मुद्दाम खाली आली, तर तुम्ही काय पुरावा द्याल? माणसाचा खेळ घसरतो. वय होतं, घरात काही होतं. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. आकडा खोटं बोलत नाही हे खरं, पण आकडा कारणही सांगत नाही.

तरीही त्या नऊ डावांच्या चाली लिहिलेली स्कोअरशीट मी आयोजकांकडून मागवते. यापलीकडे फार आशा ठेवू नका.

श्यामला हुदलीकर


केशवापूर
१४ फेब्रुवारी २०२५

श्यामलाबाईंना नमस्कार.

पुरावा विचारलात, देते.

माझे अप्पा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. जेवणाच्या सुटीत तिथे बुद्धिबळ चालायचं, तिथे ते शिकले आणि त्यांनी मला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना फुफ्फुसाचा आजार झाला. मी पहिली पाळी करून दवाखान्यात जायची, शनिवार-रविवारी स्पर्धेला. जाऊ नको म्हटलं असतं तर गेले नसते, पण अप्पाच म्हणायचे, "होग, जा, निकाल सांग येऊन." मग मी हरायची आणि येऊन खोटं सांगायची की जिंकले. त्या वर्षात माझे एकसष्ट गुण गेले. अप्पाही गेले.

पण बाई, त्यातला प्रत्येक डाव मी चार-चार तास हरले. शेवटचं प्यादं उरेपर्यंत हरले. त्यांचं आणि माझं घसरणं एकच, असं तुम्ही गणिताच्या बाई असून कसं लिहिलंत?

स्कोअरशीट आली की कळवा. मी वाट पाहते.

दीपाली


मळमड्डी
६ मार्च २०२५

चि. दीपालीस
अनेक आशीर्वाद. (वयाने मोठी आहे म्हणून एवढं चालवून घे. 'तुम्ही' आता जड जातं.)

वडिलांविषयी वाचून मला माझ्या वाक्याची लाज वाटली. माफ कर.

स्कोअरशीट आली. मी आठही डाव पटावर मांडून पाहिले. शाळेत एक गोष्ट शिकले होते. कॉपी करून बरोबर आलेलं उत्तर पकडणं अवघड, पण मुद्दाम चुकवलेलं उत्तर लगेच ओळखू येतं, कारण मुद्दाम चुकणारा माणूस खरोखर चुकणाऱ्या मुलासारखा चुकत नाही. या डावांत हेच आहे. पंचवीस चालींपर्यंत प्रभंजन सुंदर खेळतात, जिंकत असतात. मग अचानक वजीर उघडा टाकतात, नाहीतर राजा चालत मातेकडे जातो. आठही वेळा.

मी त्यांना भेटले. ते पूर्वी एका शाळेत बुद्धिबळ शिकवायचे, तो वर्ग बंद पडला. चहा पुढे ठेवून म्हणाले, "अक्का, तुम्ही पंच आहात, तुम्हाला बक्षिसांचा तक्ता पाठ असेल. सतराशे ते अठराशेच्या माणसाला त्यात काय आहे? वरचे वर नेतात, खालचे खाली नेतात. आम्ही मधले फी भरतो. तुमची सगळी बक्षिसं आमच्या फीवर चालतात." मी म्हटलं, म्हणून खालच्यांचं खायचं? तर म्हणाले, "बिट्टबिडी अक्का, सोडून द्या. खोलात गेलात तर तुम्हालाच त्रास."

त्यांचं वागणं चूक आहे. तक्त्याबद्दल बोलले ते मात्र मला खोडता आलं नाही. बायकांचं पहिलं बक्षीस आपण पाच हजार ठेवतो, त्याबद्दलही तू काही लिहिलं नाहीस. सवय झाली असेल.

संशय आहे, पुरावा नाही. शिस्त समितीकडे अहवाल पाठवावा की नाही याचा विचार करते आहे. थोडा वेळ दे.

श्यामला हुदलीकर


केशवापूर
११ मार्च २०२५

आ. श्यामलाबाईंना सप्रेम जय भीम.

तुमच्या पत्राने फार बरं वाटलं. निदान कुणीतरी डाव मांडून पाहिले. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाई चांगल्या घरच्या दिसतात. आई सगळ्यांनाच असं म्हणते, पण या वेळी मीही हो म्हटलं.

एक विचारायचं होतं. तुम्ही आठ डाव लिहिलेत. वेबसाइटवर नऊ आहेत. नववा २२ डिसेंबरचा, गदगचा, पाचव्या फेरीतला. समोर 'आरुषी जी. एच.' अशी मुलगी आहे, वय दहा. गदगवाल्यांनी कागद हरवला का? तसं असेल तर मी स्वतः जाऊन विचारते. या मुलीच्या आईवडिलांना गाठलं तर त्यांच्याकडे तिची प्रत असेल.

कारण मला आणखी एक कळलंय. आमच्या कारखान्यातल्या लोकेशचा मुलगा हुबळीत एका अकादमीत जातो. लोकेश म्हणाला, तिथे पालकांमध्ये उघड बोलतात की अमुक माणसाकडून जिंकायचं असेल तर पाच हजार. मुलांना मोठ्या रेटिंगवाल्याला हरवलं की एका डावात तीस-पस्तीस गुण मिळतात. म्हणजे प्रभंजन दोन्हीकडून खात होते. हरण्याचे पालकांकडून आणि हरल्यामुळे गटाचे आमच्याकडून.

हे पालक मिळाले तर पुरावा मिळेल ना? नवव्या डावापासून सुरुवात करू का? लवकर कळवा.

दीपाली


केशवापूर
३० मार्च २०२५

श्यामलाबाई,

एकोणीस दिवस झाले. मला वाटलं तुम्ही आजारी आहात. काल लोकेशला म्हटलं की धारवाडला जाऊन बघून येते. तो म्हणाला थांब, आणि त्याने अकादमीच्या ग्रुपवरचा एक फोटो दाखवला. गदगच्या स्पर्धेनंतरचा. मुलीच्या हातात करंडक, शेजारी वडील. खाली लिहिलंय, सतराशेच्या खेळाडूला नमवणारी धारवाडची आरुषी गणेश हुदलीकर. मागे तुम्ही उभ्या आहात. हसताय.

मी तुमचं सहा मार्चचं पत्र पुन्हा काढलं. 'आठ' हा शब्द तुम्ही दोन वेळा लिहिलाय. कुठेही खाडाखोड नाही.

मी तुम्हाला अप्पांचं सांगितलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

माझ्याकडे फोटो आहे, निकालाचा तक्ता आहे, तुमचं पत्र आहे. मी समितीला पाठवू शकते. लिफाफ्यावर पत्तासुद्धा लिहिला होता. मग वाटलं, त्या पोरीचं नाव पहिल्यांदा माझ्या हातून कशाला जावं? मी पाठवत नाही. तुम्ही पाठवा.

दीपाली मेत्री


मळमड्डी
१२ एप्रिल २०२५

चि. दीपाली,

अहवाल पाठवला. नऊही स्कोअरशीटसकट, काल रजिस्टर्ड पोस्टाने. त्याबरोबर पंचांच्या यादीतून नाव काढून घेण्याचा अर्जही दिला. आता सांगायचं ते तुला सांगते. तू ते विचारलेलं नाहीस तरी.

स्कोअरशीट फेब्रुवारीच्या शेवटी आली. नववी उघडली आणि अक्षर ओळखलं. आरुषी, माझी नात, घोड्याची खूण उलटी काढते. तो डाव मी पटावर मांडलाच नाही. घडी घालून पंचांगात ठेवला. स्वतःला म्हटलं, आठांवर काम भागतंय, एका पोरीला कशाला ओढायचं. गणेशला विचारायची हिंमत नव्हती, कारण उत्तर मला माहीत होतं. तुझं अकरा मार्चचं पत्र आलं तेव्हा त्याला विचारलं.

तो जेवत होता. म्हणाला, "हो, दिले. मग?"

मी म्हटलं, "मुलगी हुशार आहे. कशाला दिलेस?"

"हुशार आहे म्हणूनच. जिल्ह्याच्या संघात रेटिंगप्रमाणे चौघी जातात, पाचवीला कुणी विचारत नाही. बाकीच्यांचे आईबाप देतात, आणि मी नाही दिले तर माझी मुलगी पाचवी. तू आयुष्यभर पेपर तपासलेस आई, पेपर कसे फुटतात ते तुला कधी कळलं नाही."

"मी तुझी आई आहे, पण मी पंचही आहे."

"मग पंच हो," तो म्हणाला. "आम्ही दुसरीकडे राहायला जातो."

म्हणून एकोणीस दिवस. भिऊन गप्प बसले, दुसरं काही नाही. तुझं दुसरं पत्र आलं नसतं तर अजूनही बसले असते.

अहवाल टाकण्याआधी आरुषीला मी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. शाळेतून आल्यावर तिला बोलावलं आणि तो डाव मांडला. तिला तो पाठ आहे, धावतच आली. सव्विसाव्या चालीला मी थांबले. पट तिच्याकडे फिरवला आणि विचारलं, "इथे काळ्याकडून तू काय खेळशील?"

तिने दोन सेकंदांत सांगितलं. बरोबर. जिंकणारी चाल.

"मग त्यांनी ती का नाही खेळली?" असं तिनेच विचारलं. आणि विचारता विचारता माझ्याकडे बघितलं. दीपाली, मी छत्तीस वर्षांत हजारो मुलांना उत्तर सापडताना पाहिलंय. असं उत्तर सापडताना पाहिलं नव्हतं.

बराच वेळ ती मोहरे सरळ करत राहिली. मग म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"तुला?"

"फेब्रुवारीपासून."

"म्हणजे माझ्या वाढदिवसाच्या आधीपासून," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

संघातून तिचं नाव निघेल. तिच्या जागी पाचवी राहिलेली मुलगी जाईल, वेदश्री नावाची. आरुषी तिच्या शेजारी बसून डबा खाते. गणेश घर सोडून गेला नाही, पण माझ्याशी बोलत नाही. सून दोघांची पानं वेगवेगळ्या वेळी वाढते.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

श्यामला


केशवापूर
७ जुलै २०२५

आ. श्यामलाबाईंना नमस्कार.

तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तीनदा लिहायला घेतलं. राग गेला होता, पण त्याच्या जागी काय आलं ते मला कळत नव्हतं.

समितीचा निकाल तुम्हाला कळला असेल. प्रभंजन यांना दोन वर्षं बंदी. चाळीस हजार परत घेता येत नाहीत, कारण 'वाटलेलं बक्षीस अंतिम' असं माहितीपत्रकात छापलंय. पालकांना समज. आणि पुढच्या वर्षीपासून नवा नियम, गट ठरवताना मागच्या तीन वर्षांतलं सर्वांत वरचं रेटिंग धरायचं. चांगला नियम आहे. मी तो तीनदा वाचला. माझं सर्वांत वरचं १६३२. म्हणजे मी आता सोळाशेच्या आत नाही. पंधरा हजारांचं दुसरं बक्षीस हेच माझं शेवटचं. आई म्हणाली, "तू विहीर खणलीस आणि तुझाच पोहरा बाहेर ठेवला गं." मी हसले, पण रात्री जेवले नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. काल धारवाडच्या एक दिवसाच्या स्पर्धेत चौथ्या फेरीला माझ्यासमोर आरुषी आली. तुम्ही हॉलमध्ये नव्हता. आता तुम्ही येत नाही असं कळलं.

मी तिला ओळखलं. ती मला ओळखत नव्हती. घड्याळ सुरू होण्याआधी तिने हात पुढे केला आणि विचारलं, "अक्का, तुम्ही खरं खेळणार ना?"

शेजारचा माणूस हसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "हो. तूही खेळ."

आणि बाई, मी हरले. अगदी खरी हरले. तिने पांढऱ्याकडून डाव्या बाजूचं प्यादं हळूहळू पुढे ढकललं. मला उशिरा दिसलं. सत्ताविसाव्या चालीला मी घोड्याने कोपऱ्यातलं एक प्यादं खाल्लं आणि घोडा तिथेच कोंडला गेला. चाळिसाव्या चालीला मी राजा आडवा केला आणि म्हटलं, छान खेळलीस.

तिचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, "तो घोडा तुम्ही मुद्दाम घातलात." मी म्हटलं, नाही गं. "एवढ्या मोठ्या माणसांना दिसत नाही का?" मी म्हटलं, नाही दिसलं. तर म्हणाली, "तुम्हालाही बाबांनी..." स्कोअरशीटवर सही करून, एकदाही वर न बघता निघून गेली. पुढच्या फेरीला तिची खुर्ची रिकामी होती.

तिने आयुष्यातला चांगला डाव काल खेळला, आणि तो तिला मिळालाच नाही. चाळीस हजार गेले त्याचं मला इतकं लागलं नव्हतं.

सोबत माझ्या स्कोअरशीटची प्रत आहे. एक करा. तिला तो डाव दाखवू नका, समजावू नका, कुणाचंही नाव घेऊन शपथ घेऊ नका. तिला फक्त काळ्याच्या बाजूला बसवा. घोड्याने प्यादं खाण्याच्या आधीची स्थिती मांडा. म्हणावं, अक्काला वाचव. कितीही वेळ घे.

मला वाचायला वाट सापडली नाही. तिला सापडली तर ती म्हणते ते खरं.

तुमची,
दीपाली


मळमड्डी
१४ जुलै २०२५

चि. दीपालीस अनेक आशीर्वाद.

सांगितलंस तसं केलं. काल रविवार. पट बाहेरच्या खोलीत मांडला आणि म्हटलं, "काळ्याला वाचव." तिने स्थिती ओळखली, ओठ घट्ट मिटले. वाटलं उठून जाईल. बसली.

आधी घोडा हलवलाच नाही. "हे प्यादं खायचंच नाही, मग कशा हरतील?" म्हणाली. मग पांढऱ्याच्या चाली स्वतःच खेळायला लागली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने उठून. डावीकडचं प्यादं वजीर झालं. पुन्हा मांडलं. हत्तीने अडवून पाहिलं. पुन्हा वजीर झाला. राजा नेऊन पाहिला. जेवायला हाक मारली तर आली नाही. मी मध्ये पडले नाही, तुझी आज्ञा होती.

चारच्या सुमाराला गणेश बाहेरून आला. दारातच थांबला. तीन महिन्यांत तो त्या खोलीत माझ्या समोर बसला नव्हता. खाली बसला आणि काळ्याकडून एक चाल सुचवली. आरुषीने त्याच्याकडे न बघता ती खेळून दाखवली, पाच चालींत मात. तो म्हणाला, "हां, ही नाही चालत." आणखी एक सुचवली. तीही हरली. तो उठून गेला नाही. मी दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकलं असं म्हणणार नाही, पण चाली तरी बोलल्या.

साडेपाचला तिने हात मागे घेतले. म्हणाली, "अज्जी, प्यादं नाही खाल्लं तरी हरतात. खाल्लं आणि घोडा कोंडता येतो ते मला दिसलं नसतं, तर निदान वाचल्या असत्या. म्हणून खाल्लं त्यांनी." आणि थोड्या वेळाने, "पण मला दिसलं."

मला वाटलं आता हसेल. हसली नाही. कपाळाला आठी घालून तिने विचारलं, "खरंच हरल्या तर मग त्या रडल्या का नाहीत? मी हरते तेव्हा मला रडू येतं. त्या तर छान खेळलीस म्हणाल्या."

मी म्हटलं, मोठी माणसं तिथे रडत नाहीत. "मग कुठे रडतात?" मला सांगता आलं नाही. माझ्या सांगण्याला या घरात अजून किंमत यायची आहे, तेही आहे. म्हणून तिला म्हटलं, त्यांनाच विचारते.

खरं काय असेल ते लिही. गोड करून लिहू नकोस. पत्र मी न उघडता तिच्या हातात देईन.

तुझी,
श्यामलाबाई


केशवापूर
१७ जुलै २०२५

चि. आरुषीस,

हो, रडले. ज्युबिली सर्कलला, चिगरी बस येईपर्यंत. पहिली बस भरलेली होती ती सोडली, कारण डोळे लाल होते आणि त्यात आमच्या कारखान्याच्या बायका बसलेल्या दिसल्या. दुसऱ्या बसने गेले. घरी आईने विचारलं, काय झालं. म्हटलं, अकरा वर्षांच्या मुलीने हरवलं. आई म्हणाली, "मग रडतेस कशाला, तिचं वय बघ." म्हटलं, म्हणूनच.

माझी सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या चालीला मिळून एकोणीस मिनिटं गेली, ते तुझ्या लक्षात आलं असेल. ते मी नाटक करत नव्हते. मला खरंच काही दिसत नव्हतं.

पुढच्या वेळी काळं तुला येईल. मी तुला सोडणार नाही.

दीपालीअक्का